साडेसातशे चौरस फुटांचा पहारा

दिवसाला दहा हजार लिटर हवा आपल्या छातीत जाते. तिच्यासोबत धूळ, धूर, जंतू, परागकण असं सगळं आत शिरतं. तरीही बहुतेक दिवस आपण साधं शिंकतही नाही. ही किमया आहे फुफ्फुसांच्या आतल्या एका अतिशय नाजूक अस्तराची. ते अस्तर शाबूत आहे तोवर आपल्याला त्याची आठवणही होत नाही. फाटलं, की मात्र काही तासांत जीव टांगणीला लागतो.

दिवाळीच्या आधीचा एखादा रविवार. घरातले सगळे कंबर कसून माळा साफ करतात. जुन्या ट्रंका खाली येतात, वर्षभराची जळमटं निघतात. रात्री आंघोळ करून नाक शिंकरलं की रुमालावर काळपट डाग उमटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी खाकरल्यावर घशातूनही तसाच करडा कफ पडतो. ‘‘बघ, किती धूळ गेली छातीत!’’ घरातली आजी म्हणते.

आजींचं म्हणणं अर्धंच खरं असतं. ती धूळ आत गेली होती हे खरं, पण रुमालावर दिसतेय ती बाहेर काढलेली धूळ. रात्रभर घरातले सगळे गाढ झोपलेले असताना छातीतला सफाई खात्याचा फौजफाटा कामावर होता. त्याच्या कामाची ती पावती. नाक मुरडावं असं त्यात काही नाही.

कातडीपेक्षा कितीतरी मोठं अंगण

माणसाच्या सगळ्या कातडीचं क्षेत्रफळ जेमतेम दीड ते दोन चौरस मीटर भरतं. फुफ्फुसांत मात्र तीस ते पन्नास कोटी चिमुकले वायुकोश असतात. हे सगळे फुगे उलगडून जमिनीवर अंथरले, तर सुमारे सत्तर चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फूट जागा व्यापतील. मुंबईत एवढ्या जागेत दोन बेडरूमचा फ्लॅट बसतो! दीड विताच्या छातीत निसर्गाने तो घडी घालून ठेवलाय.

एवढी जागा कशासाठी? रक्ताला प्राणवायू मिळावा म्हणून. वायुकोशाच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्या. आपण स्वस्थ बसलेलो असताना एक तांबडी रक्तपेशी त्या वाहिनीतून पाऊण सेकंदात पुढे निघून जाते. तेवढ्यात तिला प्राणवायू उचलायचा असतो आणि कार्बन डायऑक्साइड टाकायचा असतो. मधली भिंत जाड असून कसं चालेल? म्हणून ती पातळ ठेवलीय. किती पातळ? काही ठिकाणी अर्ध्या मायक्रॉनइतकी. मिलीमीटरचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याच्या एका केसाच्या शंभराव्या भागाइतकीही ही भिंत जाड नाही.

इथेच खरी अडचण सुरू होते. कातडीवर मेलेल्या पेशींचे थरावर थर असतात, त्यामुळे तिला चिलखताची मजबुती मिळते. फुफ्फुसाला चिलखत घालायची सोय नाही, कारण घातलं तर श्वास बंद. भिंत अशी हवी की तिच्यातून हवा जाईल, पण पाणी आणि जंतू जाणार नाहीत. शिवाय ती रोज वीस हजारांच्या आसपास वेळा ताणली जाऊन पुन्हा सैल व्हायला हवी. जगातल्या कुठल्याही इंजिनीयरला घाम फोडेल असं हे काम आहे!

नाकापासून सुरू होतात नाकेबंद्या

अशा नाजूक भिंतीपर्यंत घाण पोचूच नये, म्हणून वाटेत एकामागून एक नाकेबंद्या आहेत. पहिली अर्थातच नाक. दहा मायक्रॉनपेक्षा मोठे बहुतेक कण इथेच अडकतात. नाक हवेला गरम आणि ओलसर करून मगच पुढे सोडतं. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांचा घसा वरचेवर का धरतो, याचं एक कारण इथे आहे.

त्यातून निसटलेले कण श्वासनलिकेत शिरतात. ही नलिका झाडाच्या फांद्यांसारखी पुनःपुन्हा दुभंगत जाते. प्रत्येक वळणावर कण भिंतीला आपटतात आणि तिथल्या चिकट कफाच्या थरात रुततात. कफ म्हटलं की आपल्याला आजारच आठवतो, पण निरोगी माणसाच्या नळ्यांतही त्याचा पातळ थर कायम असतो. त्यात बहुतांश पाणीच. त्यात जंतू मारणारी रसायनंही मिसळलेली असतात.

आता हा कफ वर कोण आणतं? नळ्यांच्या आतल्या पेशींवर अतिसूक्ष्म केसांची लव असते. एकेका पेशीवर असे दोनशेच्या आसपास केस. वाऱ्यावर डोलणाऱ्या भाताच्या शेतासारखे ते एका लयीत हलतात. वेग सेकंदाला दहा ते वीस वेळा! प्रत्येक फटकाऱ्यासरशी वरचा कफ घशाच्या दिशेने पुढे सरकतो. मोठ्या श्वासनलिकेत हा सरकता पट्टा मिनिटाला पाच ते दहा मिलीमीटर चालतो. घशापर्यंत आलेला कफ आपण नकळत गिळून टाकतो. पुढचं काम पोटातलं आम्ल करतं.

ही लव हललीच नाही तर? काही मुलं जन्मतःच असा दोष घेऊन येतात. सतत सर्दी, वाहणारे कान, वारंवार न्यूमोनिया असा त्यांचा ससेमिरा चालू राहतो. १९७६ साली स्वीडनचे शास्त्रज्ञ ब्योर्न आफझेलियस यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवलं, की या रुग्णांच्या लवेतल्या केसांना हलवणारे चिमुकले ‘हात’च नसतात. गंमत म्हणजे अशा जवळपास निम्म्या रुग्णांचं हृदय उजव्या बाजूला असतं! गर्भात डावं-उजवं ठरवण्याचं कामही याच लवेच्या हालचालीवर अवलंबून असतं, हे पुढे उलगडलं.

तळघरातले दोन भाऊ

अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण मात्र या सगळ्या नाक्यांना हुलकावणी देऊन थेट वायुकोशात उतरू शकतात. हवेच्या प्रदूषणाच्या बातम्यांत ‘पीएम २.५’ म्हणतात ते हेच. क्षयाचे जंतू घेऊन हवेत तरंगणारे थेंबही एक ते पाच मायक्रॉनचेच असतात. वायुकोशात ना लव, ना कफाचा पट्टा. तिथे गस्त घालतात भक्षक पेशी. आलेला कण किंवा जंतू त्या गिळून टाकतात. क्षयाचा जंतू बेरकी, तो या भक्षकाच्याच पोटात घर करून राहतो. दगडखाणीतली स्फटिकांची धूळ त्याहून वाईट. ती गिळणाऱ्या भक्षक पेशीलाच मारते, आणि दगड फोडणाऱ्या मजुरांच्या छातीत हळूहळू चट्टे धरतात.

वायुकोशाची भिंत दोन तऱ्हेच्या पेशींनी बनलेली आहे. दोन भावांचा संसार म्हणा ना. पहिला भाऊ पसरट. तळलेल्या पापडासारखा पातळ होऊन त्याने भिंतीची ९५ टक्के जागा व्यापलेली असते. प्राणवायू जातो तो त्याच्यातून. पण भाऊ इतका नाजूक की जखमी झाला तर स्वतःची दुरुस्ती करू शकत नाही. दुसरा भाऊ गुटगुटीत, कोपऱ्यात बसलेला, जागा जेमतेम पाच टक्के. घर चालतं ते याच्या जिवावर. पहिला भाऊ पडला की हा वाढतो, पसरतो आणि त्याची जागा घेतो. वायुकोशात झिरपलेलं पाणी उपसून बाहेर टाकण्यातही त्याचा मोठा हात असतो. शिवाय तो एक तेलकट द्रव बनवतो. डॉक्टर त्याला सरफॅक्टंट म्हणतात.

पेशी आणि पेशी यांच्यामधल्या फटीही मोकळ्या नसतात. प्रथिनांच्या घट्ट शिवणीने त्या बंद केलेल्या असतात. गोधडीचे तुकडे कितीही चांगले असले तरी शिवण उसवली तर उपयोग काय? इथेही तेच. शिवण उसवली की रक्तातलं पाणी वायुकोशात झिरपतं आणि वायुकोशातले जंतू रक्तात शिरतात.

राष्ट्राध्यक्षांचं बाळ

त्या तेलकट द्रवाचं मोल जगाला एका बाळामुळे कळलं. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला. त्याचं नाव पॅट्रिक. दिवस भरायच्या साडेपाच आठवडे आधी जन्मलेलं बाळ, वजन दोन किलोंहून थोडंसं जास्त. जन्मल्यापासून त्याला धाप लागत होती. जगातल्या सर्वात सामर्थ्यवान माणसाचा तो मुलगा. बोस्टनच्या इस्पितळात जास्त दाबाच्या प्राणवायूच्या कक्षात ठेवण्यापर्यंत सारे प्रयत्न झाले. ९ ऑगस्टला, अवघ्या ३९ तासांचं असताना, ते बाळ गेलं.

कारण चार वर्षांपूर्वीच सापडलेलं होतं. १९५९ साली मेरी एलन एव्हरी या तरुण डॉक्टरीणबाईंनी जेरी मीड यांच्यासोबत दाखवून दिलं होतं, की अशा बाळांच्या फुफ्फुसांत हा द्रवच नसतो. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना कशा चिकटतात? द्रव नसेल तर प्रत्येक उच्छ्वासानंतर वायुकोश तसेच मिटतात. पुढचा प्रत्येक श्वास म्हणजे नवा फुगा पहिल्यांदा फुगवण्याचे कष्ट. थोड्या वेळात बाळ थकतं. गर्भात हा द्रव चोविसाव्या आठवड्याच्या सुमाराला तयार होऊ लागतो आणि पुरेसा व्हायला साधारण पस्तिसावा आठवडा उजाडतो.

कारण कळलं, तरी उपाय हाती यायला वेळ लागला. न्यूझीलंडचे मॉन्ट लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. स्टेरॉइड दिल्यावर वेळेआधी जन्मलेलं एक कोकरू जगलं, जे एरवी जगायला नको होतं. १९७२ साली त्यांनी आणि रॉस हावी यांनी सिद्ध केलं, की अकाली प्रसूतीची चिन्हं दिसताच आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुफ्फुसं लवकर तयार होतात. १९८० साली जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुफ्फुसातून काढलेला द्रव दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडला आणि त्यांचा श्वास सुधारला. आज आपल्याकडेही नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात हे औषध वापरलं जातं. पॅट्रिकपेक्षा निम्म्या वजनाची बाळंही आता हसत-खेळत घरी जातात.

एका रात्रीत फाटलेलं अस्तर

हे अस्तर एका फटक्यात फाटलं तर काय होतं, हे भारताने अत्यंत क्रूरपणे पाहिलंय. १९८४ सालच्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधली भोपाळची रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला. हा वायू पाण्याशी झटकन अभिक्रिया करतो. डोळे आणि श्वसनमार्ग या शरीरातल्या कायम ओल्या असणाऱ्या जागा, म्हणून पहिला वार तिथेच झाला. नळ्यांचं अस्तर सोलून निघालं, वायुकोशांच्या भिंती फुटल्या, रक्तातलं पाणी आत लोटलं. कोरड्या जमिनीवर माणसं अक्षरशः आतल्या आत बुडाली. शवविच्छेदनात फुफ्फुसं पाण्याने जड झालेली दिसली. हजारो माणसं दगावली. जी वाचली, त्यांच्यातल्या अनेकांची धाप पुढे वर्षानुवर्षं गेली नाही, कारण भरून आलेल्या जखमेच्या जागी लवचिक अस्तराऐवजी ताठर व्रण उरला होता.

जंतूही हेच करतात, फक्त जरा सावकाश. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत भारतात एक कोटींहून जास्त माणसं मेली असा अंदाज आहे. मुंबई इलाख्याला तिचा जबर तडाखा बसला. फ्लूचा विषाणू नळ्यांच्या लव असलेल्या पेशींवरच घाला घालतो. सरकता पट्टा बंद पडला, अस्तर उघडं पडलं, की नाका-घशात एरवी गुमान राहणारे न्यूमोनियाचे जंतू खाली उतरतात. त्या साथीतले बहुतेक मृत्यू अशा पाठोपाठ आलेल्या न्यूमोनियाने झाले, असं मत त्या काळच्या जतन केलेल्या नमुन्यांच्या अभ्यासातून पुढे आलं. त्या काळी अँटिबायोटिक नव्हतं. घराला आग कुणी लावली आणि लूट कुणी केली, हे दोन वेगळेच.

कोरोनाची आठवण तर अजून ताजी आहे. विषाणू आधी नाकातल्या लवेच्या पेशींत शिरायचा. बहुतेकांचं दुखणं तिथेच आटपायचं. काहींच्या बाबतीत तो खाली वायुकोशापर्यंत पोचला आणि नेमका दुसऱ्या, घर चालवणाऱ्या भावाला गाठू लागला. दुरुस्ती करणाराच पडला, तर पडझड कोण आवरणार? २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत प्राणवायूच्या सिलिंडरसाठी धावणारे नातेवाईक ज्यांनी पाहिले, त्यांना या अर्ध्या मायक्रॉनच्या भिंतीचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

अशा वेळी डॉक्टरांचा सगळा प्रयत्न असतो तो भिंतीला उसंत देण्याचा. पूर्वी व्हेंटिलेटरने भरपूर हवा आत ढकलली जायची. २००० साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसलं, की हवेचे लहान घोट दिले तर मृत्यूंचं प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांवरून एकतीस टक्क्यांवर येतं. जास्त ताण दिला की उसवलेली शिवण आणखी उसवते, हे त्यामागचं कारण. गंभीर रुग्णाला पालथं झोपवण्याचा फायदा २०१३ साली फ्रेंच डॉक्टरांनी सिद्ध केला. पाठीकडचे मिटलेले वायुकोश त्यामुळे उघडतात. कोरोनात या साध्या उपायाने कित्येकांना हात दिला.

घरातलाच शत्रू

भोपाळ एका रात्रीत घडलं. रोज थोडं थोडं घडणारं नुकसान दिसत नाही, म्हणून त्याची दखलही घेतली जात नाही. सिगारेट-बिडीच्या धुराने लव मंदावते, आखूड होते, पुढे झडते. कफ बनवणाऱ्या पेशी मात्र वाढतात. झाडूवाला रजेवर आणि कचरा दुप्पट! मग खोकून खोकून कफ काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. बिडी ओढणाऱ्याचा सकाळचा तो प्रसिद्ध खोकला म्हणजे हेच.

जन्मात कधी बिडीला हात न लावलेल्या बाईलाही तसाच खोकला का होतो? लाकूड-गोवऱ्यांच्या चुलीपुढे घालवलेली वर्षं हे त्याचं मोठं कारण. घरोघरी गॅस पोचावा म्हणून २०१६ साली उज्ज्वला योजना आली. पण सिलिंडर संपल्यावर चूल पुन्हा पेटते, अशीही घरं आहेत. शहरातही निश्चिंत राहू नये. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डासांची एक कॉइल जळून जितके सूक्ष्म कण सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. तान्ह्या बाळाला डास चावू नयेत म्हणून आपण ती पाळण्याखाली लावतो, खिडक्या बंद करतो आणि निर्धास्त झोपतो!

पहारेकऱ्यांना एवढं तरी द्या

यातलं काही महागडं नाही. कॉइलऐवजी मच्छरदाणी. स्वयंपाकघरात उघडी खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा. केर काढण्याआधी पाण्याचा शिडकावा किंवा ओलं फडकं. माळा साफ करताना नाकाला साधा रुमाल बांधला तर मोठी धूळ अडते, बारीक नाही. त्यासाठी नीट बसणारा एन-९५ मास्क हवा.

आहाराचाही यात वाटा आहे. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं की लव असलेल्या अस्तराच्या जागी कोरडं, निबर अस्तर येतं. शेवग्याचा पाला, गाजर, पपई, लाल भोपळा ही त्यावरची स्वस्त औषधं. लशीही चुकवू नयेत. न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभरातल्या सरकारी लसीकरणात बाळांना मोफत मिळते. वयस्कर माणसांनी आणि दम्याच्या रुग्णांनी फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारावं.

खोकल्याशी मात्र उगाच वैर नको. कफ सुटत असेल तर खोकला दाबणारं औषध मनाने घेऊ नये, कारण तो पहारेकऱ्यांचा हातभार असतो. त्याच वेळी त्याच्याकडे काणाडोळाही नको. दोन आठवड्यांहून जास्त खोकला टिकला तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. लहान मुलाचा श्वास भरभर चालत असेल, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर रात्र काढत बसू नये, तडक डॉक्टर गाठावा.

आणि बिडी-सिगारेट? ‘‘आता चाळीस वर्षं ओढली, सोडून काय उपयोग?’’ असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांच्यासाठी खास बातमी. २०२० साली ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी सोळा जणांच्या श्वासनलिकेतल्या पेशींची जनुकं तपासली. ज्यांनी सिगारेट सोडली होती, त्यांच्यातल्या काहींच्या अस्तरात चाळीस टक्क्यांपर्यंत पेशी अशा सापडल्या, की जणू त्या माणसाने कधी सिगारेट ओढलीच नव्हती. ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत हे प्रमाण चौपट होतं. वर्षानुवर्षांच्या धुरातही काही पेशी कुठेतरी तग धरून राहतात आणि धूर थांबला की पुढे येऊन जागा भरू लागतात.

सोडल्यावर पहिले काही आठवडे काकांचा खोकला कदाचित वाढेल. ‘‘बघा, सोडून उलट त्रासच झाला,’’ असं ते म्हणतील. तेव्हा त्यांना सांगावं, घाबरू नका. रजेवर गेलेला झाडूवाला कामावर परत आलाय, चाळीस वर्षांचा केर काढतोय.